तळ्यावर साबण नाही

माझ्या सासूचा विषय निघाला की माझा हात आपोआप डोक्यावर जातो. आता तिथं काही उरलं नाही, पण लग्नाच्या वेळी या डोक्यावर असे केस होते की अमरावतीच्या पोस्टातले माझे सोबती म्हणायचे, "देवमन, तू टपाल वाटतो का भांग दाखवत फिरतो बे?" त्या केसांची माझ्याच लग्नाच्या सकाळी जी गत झाली, ती आठवली की आजही मला राग येतो आणि हसूही येतं. पण तो किस्सा सांगायचा तर आधी सासू सांगावी लागेल.

चतुराबाई तिचं नाव. अकोटहून पूर्णेच्या अंगाला जाणाऱ्या यष्टीतून उतरलं की घोट्याएवढ्या धुळीतून चालत तिचं गाव गाठावं लागायचं. हा सगळा मुलूख खारपाण्याचा. विहीर खणा, पाणी लागेल, पण तोंडात घेतलं की थू! त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि चहा करावा तर दूध फाटतं. गोडं पाणी म्हणजे पावसाचं, तळ्यात साठेल तेवढं. गावाला एक जुनं तळं होतं, पण त्याच्या पायऱ्या आमच्या लोकांसाठी नव्हत्या. बस्तीतल्या बाया खाली घागर धरून उभ्या राहायच्या, वरून कोणाची मर्जी झाली तर ओतायचं. मर्जी नाही झाली तर रिकामी घागर घेऊन परत. चतुराबाईच्या आजीनं हेच केलं, आईनं हेच केलं आणि तिनंही केलं.

छप्पन्न साली बस्तीतली माणसं नागपूरला जाऊन धम्म घेऊन आली. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी चतुराबाईनं घागर पालथी घातली आणि नवऱ्याला म्हणाली, "आता हे घागर कोनाच्या पायाखाली धरनार नाई मी. आपलं पानी आपन करू."

नवरा म्हणजे पुंजाजी, माझे सासरे. गरीब गाय. त्यांना वाटलं, बाई दोन दिवस बोलेल आणि गप्प बसेल. गप्प बसेल ती चतुराबाई कसली! बस्तीच्या मागं, घरांसाठी माती नेऊन नेऊन पडलेला एक मोठा खड्डा होता. तो तिनं आधी एकटीनं खोदायला घेतला. लोक हसले. मग तिची इंदू टोपली घेऊन गेली, तेव्हा ती चौदा वर्षांची पोरगी. मग पुंजाजींना लाज वाटली आणि ते कुदळ घेऊन गेले. मग हळूहळू सारी बस्ती उतरली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि संध्याकाळी आपल्या खड्ड्यात. उन्हाळाभर हे चाललं. काढलेल्या मातीचा बांध घातला, वरच्या अंगानं पाण्याला वाट करून दिली, आणि त्या पावसाळ्यात तळं भरलं. आपल्या हातानं, वाकून, हवं तेवढं पाणी घ्यायचं म्हणजे काय, हे ज्याला कधी अडवलं नाही त्याला नाही कळायचं. पुंजाजी सांगायचे की त्या दिवशी चतुराबाई पाण्याकडे पाहत नुसती बसून होती, चूल पेटवायलाही उठली नाही.

आणि मग ती तळ्याची पहारेकरीण झाली. गुरं बांधाच्या आत नाहीत. पाय धुवायचे नाहीत. पाणी काढायचं ते वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यानं, घागर बुडवायची नाही. आणि साबण-सोडा तर तळ्याच्या आसपासही नाही. कपडे, आंघोळ, भांडी, सगळं बांधाच्या पलीकडे, उताराच्या बाजूला, रिठ्याच्या पाण्यानं आणि चुलीतल्या राखेनं. मेळघाटातले लोक अकोटच्या बाजारात रिठे घेऊन यायचे, त्यांच्याकडून ती पदर भरून घ्यायची.

बाजारात तिची वेगळीच ख्याती. कोणतीही नवी वस्तू हातात घेतली की दुकानदाराला विचारायची, "हे वापरून झालं का मंग जाईन कुठी?"

दुकानदार म्हणायचा, "बाई, किंमत विचारा नं!"

"किंमत मंग. आंधी सांग, जाईन कुठी?"

पत्रावळी? खताच्या खड्ड्यात जाईल, शेतात येईल. घ्या. अंबाडीचा दोर? कुजेल, माती होईल. घ्या. निळ्या पुडीतला सोडा? दुकानदार म्हणाला, "पान्यासंगं वाहून जाते." झालं. "पानी तं माह्याच तळ्याकडं येते," म्हणून बाईनं पुडी त्याच्या तोंडासमोर आपटली. एका साबणवाल्यानं तर तिला लांबून येताना पाहून हात जोडले होते म्हणतात. खरं-खोटं तोच जाणे.

आता हे ऐकून वाटेल की बाई अगदीच रूक्ष असेल. तसं मुळीच नव्हतं. रोज दिवस कलला की ती बांधावर जाऊन बसायची, आणि कामाचं निमित्त काढून नाही, सरळ मजा म्हणून. तळं झालं तशी पाखरं आली. बगळे आले, खंड्या आला, थंडीत हळदीकुंकू बदकं यायची. "पाय, पाय, कशी डुबकी मारली सायबानं!" असं म्हणून टाळ्या पिटायची. टिटवी ओरडली तर तिच्याशी भांडायची, "आली मोठी मालकीन! तळं मी खंदलं, अन् तूच मले हाकलते काय वं?" गावातल्या कोणी विचारलं की काय बसतेस गं रोज रोज, तर म्हणायची, "उभ्यानं लय दिवस काढले पान्याजवळ. आता बसून घेतो."

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मला वाटलं, आता पगार विचारतील, नोकरी पक्की आहे का विचारतील. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. चतुराबाईनं पोहे दिले, चहा दिला (काय चहा होता, बाप्पा!) आणि म्हणाली, "चला जवाईबापू, पाखरं पाहू." अजून काही ठरलं नव्हतं, तरी जवाईबापू! बांधावर बसवलं आणि विचारलं काय, तर "तुमच्या अमरावतीत पानी येते कुठून?"

"नळानं."

"अन् जाते कुठी?"

घ्या! शहरात कोणती चिठ्ठी कुठून आली आणि कुठे जाणार हे मी झोपेत सांगितलं असतं. पण मोरीतून गेलेलं पाणी कुठे जातं, हे मला या जन्मात कोणी विचारलं नव्हतं.  मागून कोणीतरी खुदकन हसलं. वळून पाहिलं तर इंदू. पदर तोंडावर धरलेला, डोळे मात्र उघडे. तिथंच माझं लग्न ठरलं, बाकीची बोलणी मोठ्यांनी मागून केली.

आता माझ्या बाजूचं माणूस सांगतो. माझी आई लहानपणीच गेली, मला वाढवलं माझ्या आत्यानं, केशरबाईनं. अमरावतीच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ती कापूस निवडायची. अंगावर सदा सरकीची धूळ, पण संध्याकाळी नळावर जाऊन साबणानं अशी आंघोळ करायची की चाळीत कळायचं, केशरबाई आली. तिचं साबणाचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं कारण मला एकट्याला ठाऊक होतं. लहानपणी ती दुकानात गेली की लोक अंग चोरून मागं सरकायचे. जिनात लागल्यावर पहिल्या पगारातून तिनं वासाचा साबण घेतला. त्यानंतर एकदा यष्टीत एक अनोळखी बाई आपणहून तिच्या शेजारी येऊन बसली. ही गोष्ट तिनं मला किती वेळा सांगितली असेल! "साबनाचा वास आला का कोनी मांगं सरकत नाई रे पोरा," असं ती म्हणायची, आणि डोळे पुसायची.

तर माझ्या लग्नाला तिनं काय आणावं? दागिना नाही, पैठणी नाही. गुलाबी वासाच्या साबणाच्या वड्यांचं आख्खं खोकं! वऱ्हाडातला एकूण एक माणूस त्या साबणानं आंघोळ करून, पांढरे कपडे घालून मांडवात उभा राहील, हा तिचा हट्ट. महिनाभर ती त्या खोक्यावर हात फिरवत होती.

एकसष्टचा वैशाख. यष्टीनं अकोट, तिथून खाचरांत, म्हणजे बैलगाड्यांत, बसून आम्ही गावात पोचलो तेव्हा सकाळच झाली होती, पण धुळीनं आमचे चेहरे असे की कोण नवरदेव आणि कोण गाडीवान ते ओळखू येईना. अकोल्याहून भन्ते येऊन बसले होते. ऊन तापायच्या आत लग्न लावायचं होतं. आत्यानं खोकं काखेत मारलं आणि हुकूम सोडला, "चला, सारे तळ्यावर!"

बांधावर चतुराबाई उभी. एक हात आडवा केलेला.

"या ईनबाई, या. जयभीम. आंघोळीचं पानी तिकडं उताराले ठेवलं हाये. इथी साबन नाई चालत."

"काहून नाई चालत?" आत्या म्हणाली. "आमी साबनानंच आंघोळ करतो. राख-मातीचे दिवस गेले आता."

"गेले नं, कोन नाई म्हनते. पन हे पेयाचं पानी हाये. मिरगाले अजून लय दिवस हायेत. साबन उतरला पान्यात तं साऱ्या बस्तीनं पेवाचं काय?"

खरंच, तळं तेव्हा पार खाली गेलं होतं. बांधापासून निम्म्यापर्यंत भेगाळलेला चिखल आणि मध्ये तेवढं पाणी. आमचं चाळीस-पन्नास माणूस त्यात साबण लावून उतरलं असतं तर बस्तीचा घोट गेला असता, हे मला दिसत होतं. पण आत्याचा चेहराही मला दिसत होता. तो हळूहळू बदलला आणि ती बोलली.

"चतुराबाई, जलमभर लोकाईनं आमाले पानवठ्यावरून हाकललं. आज आपलेच लोक हाकलून राह्यले, व्हय नं?"

मी सासूकडं पाहिलं. तोंडात मारल्यासारखी उभी होती बाई. ज्या बाईनं या एकाच गोष्टीसाठी तळं खोदलं, तिला हे ऐकावं लागलं. तिचा आडवा हात मात्र खाली आला नाही. "पेयाले या ईनबाई," ती म्हणाली. "पैला घोट तुमचा. माह्या हातानं पाजतो. पन साबन नाई."

"चाल देवमन," आत्या म्हणाली. "बैल जुंपा रे!"

झालं! पुंजाजी पळत आले, हात जोडून बायकोला म्हणाले, "अवं, एक दिवसाचा प्रश्न हाये. पोरीचं लगन मोडते!" ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हलली नाही. मांडवाच्या दारात इंदू येऊन उभी राहिली होती. पांढरं लुगडं नेसून तयार. तिनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. आईला 'सोड' म्हणाली नाही की मला 'थांब' म्हणाली नाही.  ही पोरगी हातची गेली तर जन्मभर अमरावतीत लोकांच्या लग्नपत्रिका वाटत फिरायचं, एवढंच माझ्या नशिबी उरेल.

तेव्हा मी पुढं झालो आणि मोठ्या थाटात न्याय केला. "आत्या, साबण आपला, पाणी त्यांचं. वाटेवर ती विहीर आहे ना? भरपूर पाणी आहे. आपण तिथं साबणानं आंघोळ करू. तळ्याचं तळं राहिलं, तुझा साबण राहिला. झालं?"

सगळे म्हणाले, वा! पोस्टातला माणूस आहे, डोकं चालतं!

चतुराबाई ओरडली, "जवाईबापू, थांबा! त्या पान्यात साबन—"

"आता आंघोळ कशी कराची तेही तुमीच शिकवता काय?" म्हणून आत्यानं माझा हात धरला आणि आम्ही निघालो.

ती विहीर खारी आहे, हे मला ठाऊक होतं. पण मला वाटलं, खारं तर खारं, प्यायचं थोडंच आहे! खाऱ्या पाण्यात साबणाचं काय होतं हे नळाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला कुठून माहीत असणार? मी डोक्यावर दोन बादल्या घेतल्या, वडी केसांवर घासली. फेस येईना. अजून घासली. तरी येईना. आत्या म्हणाली, "हात आखडू नको, घास!" अर्धी वडी घासली. मग हात लावून पाहतो तर काय, केसांत फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या, आणि धुळीशी कालवून त्याचा काळा-पांढरा चिकट लगदा. धुवायला अजून पाणी घेतलं तर तो अजून घट्ट झाला. कंगवा घातला तो मोडला. माझे केस! कपाळावर शेणानं सारवल्यासारखी पट्टी बसली होती. आणि मी एकटा नाही, सगळं वऱ्हाड तसंच! आत्याचा तर लांबसडक अंबाडा. तिनं तो सोडून मनापासून साबण चोळला होता. त्याची अंबाडीची वाख झाली होती वाख. ती त्या विहिरीच्या काठावर बसली, साबणाचं खोकं मांडीवर घेतलं आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. मला माझ्या केसांचा विसर पडला. माझी आत्या मी तशी कधी पाहिली नव्हती.

एवढ्यात बांधाकडून बायांची रांग येताना दिसली. पुढं चतुराबाई, डोक्यावर डेरा, हातात दुसरं मडकं. आता ही हसेल, मला वाटलं. हसली असती तर लग्न तिथंच संपलं असतं. ती हसली नाही. म्हणाली, "उताराकडं चला सारे. रिठे रातीच भिजवले होते तुमच्यासाठी. चिचेचं पानी बी हाये. चला, चला, भन्ते वाट पाहून राह्यले."

बांधाच्या पलीकडे, उताराला, तिनं रिठ्याची रोपं लावली होती, गुडघ्याएवढी. त्यांच्या आळ्याशी एका दगडावर मला बसवलं. आमच्याकडे सासू जावयासमोर पदर सावरून, चार हात दूर राहते. ही बाई म्हणाली, "मान खाली घाला," आणि माझं डोकं दोन्ही हातांत धरून असं चोळलं, जसं माझ्या आईनं चोळलं असतं. आधी चिंचेचं आंबट पाणी, मग रिठ्याचा फेस. फेस कसला, डोंगर! मग तळ्याचं गोडं पाणी, मोजकं, तुंब्यानं. गुठळ्या सुटल्या. केस सुटले. मी सासूकडं पाहून ओरडलोच, "मामीजी, वाचलो!" तिकडे मांडवात इंदू हसल्याचं मला ऐकू आलं. तिचं हसू मी कुठंही ओळखलं असतं.

आत्या मात्र येईना. विहिरीशीच बसून होती. चतुराबाई तिच्याकडं गेली, तिच्याशेजारी बसली. मी डोकं पुसत मागं उभा होतो, म्हणून ऐकलं.

"ईनबाई, नागपूरहून आली नं मी, तवा अकोटात उतरून पैलं काय केलं सांगू? साबन घेतला. असाच गुलाबी. म्हनलं, आता नवी झाली मी, वासाच्या साबनानं न्हाईन. अन् याच विहिरीवर बसून घासला."

आत्यानं मान वर केली. "मंग?"

"मंग काय! दोन दिवस डोक्शाले फडकं बांधून बसली होती. लोक म्हनले, चतुराबाई लय धार्मिक झाली."

आधी आत्या हुंदका देत होती, त्याचंच हसू झालं. दोघी विहिणी त्या विहिरीवर बसून अशा हसल्या, अशा हसल्या की बैल बिचकले. मग चतुराबाईनं तिला हाताला धरून उताराला आणलं आणि बट-बट सोडवत तिचे केस धुतले. घाई होती तरी घाई केली नाही. धुता धुता म्हणाली, "साबनाचा वास कायले पायजे तुमाले, हे मले समजते. मले बी पायजे होता."

पाणी आत्याच्या केसांतून निथळून आळ्यात चाललं होतं. आत्या वाकून त्याकडं पाहत होती. आणि तिनं विचारलं, "आता हे पानी जाईन कुठी वं?"

सगळी बस्ती ओरडली! चतुराबाईनं तर आनंदानं तिच्या पाठीत थापच मारली. "झाडाले जाते, ईनबाई! रिठ्याचं पानी रिठ्याले!"

लग्न लागलं. थोडं ऊन झालं, पण लागलं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढं आम्ही उभे राहिलो, त्रिशरण-पंचशील म्हटलं, आणि माझ्या केसांचा भांग असा पडला होता की फोटोवाला असता तर बरं झालं असतं. मग पळसाच्या पत्रावळींवर वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. जेवणाआधी चतुराबाईनं आत्याला बांधावर नेलं आणि बोलली होती तसा पहिला घोट आपल्या हातानं पाजला. आत्या पाणी प्याली आणि तिनं तुंब्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "साखर घातली काय वं?"

निघताना खोक्यात एक वडी शिल्लक होती. आत्यानं ती चतुराबाईच्या हातात ठेवली. मला वाटलं, आता विचारते 'जाईन कुठी'. पण तिनं वडीचा वास घेतला, डोळे मिटून, आणि म्हणाली, "हे मी ठेवून घेतो. हे कुठीच जानार नाई." ती वडी तिनं लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवली. पाण्याचा थेंबही तिला लागू दिला नाही. तेव्हापासून माझ्या सासूच्या लुगड्यांना गुलाबाचा वास. तळंही राहिलं आणि वासही मिळाला; अशी लबाड बाई!

पुढं पासष्टच्या पावसानं दगा दिला. सहासष्टचा उन्हाळा ज्यांनी पाहिला त्यांना तो सांगायची गरज नाही. मी रजा काढून इंदूला आणि पोरीला घेऊन सासरी गेलो होतो. आत्या तर आधीच जिनाचं काम सोडून तिथं पाहुणी म्हणून गेली होती, ती परत यायचं नावच घेत नव्हती. दोघी विहिणी रोज बांधावर बसून पाखरं पाहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर डाफरायच्या. आत्या तर सासूपेक्षा कडक! "साबन हाये काय वं हातात? दाखव, दाखव मूठ!"

गावाचं जुनं तळं फाल्गुनातच संपलं. त्यात म्हशी लोळायच्या, गाड्या धुवायच्या, सोड्याचे कपडे बडवायचे. शेवटी उरला तो हिरवा वास मारणारा गाळ. आमच्या तळ्यात मात्र पाणी होतं. थोडं, पण नितळ. खंड्या अजून डुबक्या मारत होता.

एका सकाळी गावाच्या बाजूनं बाया आल्या. सगळ्यांत पुढं महादेवराव पाटलांची गोदाबाई. बांधाच्या खाली येऊन ती थांबली. वर चढली नाही. दोन्ही हातांत घागर धरून, खाली मान घालून नुसती उभी राहिली. तिच्यामागं बाकीच्या.   घागर धरून असं उभं राहण्याचा अर्थ आमच्या बस्तीत सगळ्यांना पाठ होता.

पुंजाजी कधी नव्हे ते बोलले. "राहू दे तिले उभी घटकाभर. कळू दे." आणखी दोघं-चौघं पुटपुटले की पाणी आपल्यालाच पुरेल का नाही. खरं सांगतो, मलाही वाटलं, उभी राहू दे.

चतुराबाई उठली. बांध उतरून खाली गेली. आता काय बोलते म्हणून सगळी बस्ती बांधावर जमली. तिनं गोदाबाईच्या हातातली घागर खालून उचलून धरली.

"खाली काहून उभी राह्यली वं माय? वर चाल. आपल्या हातानं भर."

गोदाबाईला रडू कोसळलं. चतुराबाई म्हणाली, "रडू नोको. पन पाय धुवाचे नाई, ढोर आनाचं नाई, अन् साबन तं बिलकुल नाई. हे पाटलाले बी सांगजो."

पाणी पुरलं का? पुरलं. पिण्यापुरतं, घरटी मोजून, पण मृगापर्यंत दोन्हीकडच्या लोकांना पुरलं. त्या साली आमच्या गावातून कोणी पाण्यासाठी गाव सोडलं नाही. पण मला आठवते ती पहिली सकाळच. चतुराबाई गोदाबाईला हाताला धरून वर घेऊन आली. तुंबा तिच्या हातात दिला. गोदाबाई काठावर वाकली, सासूच्या अगदी खांद्याला खांदा लावून. तुंबा भरता भरता थांबली, नाकानं वास घेतला आणि म्हणाली, "चतुराबाई, तुमच्या लुगड्याले वास कायचा येऊन राह्यला वं? लय गोड हाये." आणि नीट कळावं म्हणून अजून जवळ सरकली.

माझ्या आत्यानं ते पाहिलं.  तिनं चतुराबाईच्या दंडाला धरून हलवलं. "पायलं काय, ईनबाई? पायलं? मी म्हनत होती नं?"

"व्हय वं बाई, तुमचंच खरं," चतुराबाई म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते, पण तिनं ते पदरानं पुसून टाकले. "आता तेवढी घागर धरा. मांगं रांग हाये."